चादरबाईंच्या पुस्तकातून कोणी जात नाही

हॉस्पिटलात त्यांना चादरबाई म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर 'मॅडम'. पाठ वळली की चादरबाई. तळमजल्यावर लाँड्रीला लागून एक खिडकी नसलेली खोली होती, तिथे चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, ऑपरेशनचे हिरवे गाऊन असा सगळा संसार त्यांच्या हाताखाली. सकाळी वॉर्डात गेलेली चादर परत आलीच पाहिजे, हा त्यांचा कायदा. फाटून येवो, डाग पडून येवो, पण येवो. एकदा एक म्हातारे गृहस्थ बरे होऊन घरी निघाले होते. गाडी फाटकाबाहेर पडणार, तेवढ्यात बाई धावत गेल्या आणि गाडी थांबवली. म्हाताऱ्यांना वाटलं, निरोप द्यायला आल्या. बाई म्हणाल्या, "तुम्ही बरे झालात, फार आनंद झाला. ब्लँकेट आमचं."

तर या चादरबाई कादंबऱ्या लिहीत. हसू नका, चांगल्या खपत त्या. वाचनालयात त्यांच्या पुस्तकांची पुठ्ठ्याची कव्हरं मऊ पडलेली असत आणि नव्या पुस्तकासाठी बायका नंबर लावत. बाई लिहायच्या ड्यूटीवरच, दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात, लाँड्रीच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. अक्षर असं की मुंग्या शाईत बुडून चालत गेल्यात. ते फक्त त्यांच्या लेकीला लागे, म्हणून संध्याकाळी लेक ते कॉम्प्युटरवर उतरवून काढी.

लेक बहिऱ्या माणसांना श्रवणयंत्रं बसवायचं काम करायची. दिवसभर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानाशी बसायचं आणि घरी आल्यावर आईच्या तोंडाशी. तिचे वडील, म्हणजे बाईंचे यजमान, चष्म्याचं दुकान चालवत. ते म्हणत, "आमच्या घरात डोळे माझ्याकडे, कान हिच्याकडे, आणि तोंड..." एवढं बोलून ते भिंगं पुसायला लागत. शहाणा माणूस. वाक्य कुठे सोडायचं हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतंच.

आता बाईंच्या कादंबऱ्यांची एक गंमत. त्यांच्या पुस्तकातून कोणी जात नसे. म्हणजे जात, अगदी ढसाढसा रडवून जात, पण शेवटच्या प्रकरणापर्यंत हटकून परत येत. तिसऱ्या प्रकरणात बुडालेला खलाशी बाविसाव्यात दाढी वाढवून दारात उभा. घर सोडून गेलेली सून परत. वैराग्य येऊन डोंगरात गेलेला भाऊ परत, तोही थंडी सोसेना म्हणून. एकाला तर बाईंनी जाळला होता, पण ते प्रेत दुसऱ्याचं निघालं. एका वाचक बाईंनी कळवलं की तुमच्या अमक्या पुस्तकात सहाव्या प्रकरणात कुत्रा जातो तो मग कुठेच दिसत नाही. चादरबाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दुसऱ्या आवृत्तीत कुत्रा आला.

आणि मुलाखतीत याच बाई काय म्हणत? "काय सांगू हो, पात्रं माझं ऐकतच नाहीत! मी एक ठरवते, ती भलतीकडेच जातात. मी नुसती लेखणी धरते." हे रेडिओवर लागलं की चष्मेवाल्यांना खोकला येई. पात्रांना ती मुभा असेलही, घरच्यांना नव्हती. लेक शाळेच्या सहलीला निघाली, तर बसमध्ये मागच्या सीटवर आई. लेक कॉलेजसाठी हॉस्टेलवर राहायला गेली, तर दर आठवड्याला उशीचा अभ्रा बदलायच्या निमित्ताने आई. शेवटी मैत्रिणी आईला 'आपली नवी रूममेट' म्हणू लागल्या, तेव्हा पोरगी गाशा गुंडाळून घरी आली आणि गावातल्याच कॉलेजात शिकली. बाई अजून सांगतात, "तिला बाहेर करमलंच नाही." ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. यांनी त्यातलं पहिलं कधी केलंच नाही.

कुणी विचारलंच की, बाई, तुमच्या पुस्तकांत तुम्ही कुठे असता हो, तर त्यांना राग येई. "मी कशाला असेन? मी आपली साधी बाई. तो खलाशी, मला तर होडीत बसलं तरी उलटी होते!"

त्या वर्षी प्रकाशकांनीच विषय काढला. भला माणूस, पण स्पष्ट बोलायचा. म्हणाले, "बाई, एक सांगू? हल्ली वाचक शेवटचं प्रकरण आधी वाचतात, कोण आलं ते बघायला. वाचनालयात पैजा लागतात. एकदा तरी कुणाला जाऊ द्या. कायमचं. मारू नका, नुसतं जाऊ द्या."

"त्यात काय एवढं!" बाई म्हणाल्या. "आत्ता घालवते."

आणि कामाला लागल्या. नव्या कादंबरीत एक विधवा होती, समुद्रकाठी लॉज चालवणारी. तिची एकुलती एक पोरगी जहाजावर नर्स म्हणून जायला निघते, एवढीच गोष्ट. विधवा रोज सकाळी लॉजमधले टॉवेल मोजायची. चष्मेवाल्यांनी हे वाचलं आणि चष्मा काढून बाईंकडे बघितलं.

"काय?" बाई म्हणाल्या. "मी चादरी मोजते. ती टॉवेल मोजते. काय संबंध?"

पहिल्या खर्ड्यात वादळ आलं आणि जहाज निघालंच नाही. प्रकाशकांनी परत पाठवलं. दुसऱ्यात जहाज निघालं, पण पोरीला ताप आला आणि पुढच्याच बंदरावर तिला उतरवलं. लेक टाईप करता करता थांबली. "आई, हिला पण ताप?"

"हवा बदलली की येतो."

"मागच्या पुस्तकात तिघांना आला होता."

"नाजूक असतात काही काही माणसं. तू टाईप कर."

तिसऱ्या वेळी मात्र बाईंनी दात-ओठ खाऊन पोरीला जहाजावर चढवलं, ताप नाही, वादळ नाही. फक्त तिची ट्रंक लॉजवर ठेवून घेतली. "ट्रंक का ठेवली?" लेकीने विचारलं. "जड होती," बाई म्हणाल्या. आणि कसं कोण जाणे, त्यांना वाटलं की आपण मोठाच पराक्रम केला.

आता मूळ दुखणं सांगतो. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, तान्ह्या मुलांचे कान तपासण्याचं मोठं केंद्र होतं तिथे. गाडीने रात्रभर जाऊन वर आणखी अर्धा दिवस, एवढं लांब. महिनाअखेरीला येते की नाही ते कळवायचं होतं. ही गोष्ट चष्मेवाल्यांना माहीत, शेजारच्या काकूंना माहीत, इस्त्रीवाल्याला माहीत. बाईंना लेकीने दोनदा सांगितलं होतं. बाईंनी ऐकलं नव्हतं, म्हणजे कानांनी ऐकलं होतं. पहिल्यांदा म्हणाल्या, "बघू या पुढे." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तिकडची हवा तुला सोसायची नाही." आणि विषय मिटला, असं आपलं त्यांना वाटलं. ज्यांना खरंच ऐकू येत नाही त्यांना यंत्र बसवता येतं. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांच्यासाठी काय काढणार?

मग लेकीने एक केलं. आई जे वाचते ते फक्त स्वतःचंच लिहिलेलं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून धक्क्यावरचा निरोपाचा प्रसंग टाईप करताना, जिथे आईच्या कागदावर पोरगी नुसती हात हलवते आणि ट्रंकेची आठवण काढते, तिथे तिने स्वतःचं अर्धं पान घातलं. पोरगी विधवेला म्हणते:

"तू मला अडवत नाहीस, आई. तू नुसती दारात उभी राहतेस. मी तुझ्यावर रागावून जात नाहीये. रागावून गेलेली माणसं परत येतात, राग काय, उतरतो. मला तिथे राहायचंय म्हणून मी जातेय. येईन ना मी, पण पाहुणी म्हणून येईन. तेव्हा माझा टॉवेल मोजू नकोस."

विधवेचं उत्तर तिने लिहिलं नाही. तिथे एक रिकामी ओळ सोडली आणि कागद आईपुढे ठेवले.

रविवारी सकाळी बाई बाल्कनीत लाल पेन घेऊन बसल्या. लेक आत भांडी पुसत होती. एकच ताट किती वेळ पुसावं! बाई त्या पानाशी आल्या आणि थबकल्या. पुन्हा वाचलं. पदर डोळ्याला लावला. लेकीच्या हातातलं ताट थांबलं.

"अहो!" बाई ओरडल्या. "अहो, इकडे या! ऐका, ऐका ही पोरगी काय बोलली ते!"

त्यांनी ते अर्धं पान मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर कागद छातीशी धरला आणि म्हणाल्या, "मला आठवतसुद्धा नाही हो, हे मी कधी लिहिलं! अशी आपणहून बोलली ती. मी म्हणत नव्हते? पात्रं माझं ऐकत नाहीत!"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या लेकीकडे पाहिलं. त्यांना सगळं उमगलं. बोलावं की मूग गिळून गप्प बसावं, असा त्यांना क्षणभर प्रश्न पडला आणि सवयीने दुसरंच जिंकलं.

"छान आहे," लेक म्हणाली. "तुला काय वाटलं वाचून?"

"काय वाटायचं? प्रतिभा म्हणतात याला!"

लेक आत गेली. ताट जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "हिला साहित्यातलं काही कळत नाही."

पुढचे दिवस बाई जमिनीवर नव्हत्याच. लाँड्रीतल्या बायकांना ते पान वाचून दाखवलं, एक्स-रेवाल्याला दाखवलं, वॉर्डातल्या मेट्रनबाईंना फोनवर ऐकवलं. एकदा तर मोजणीत एक चादर कमी भरली आणि बाई म्हणाल्या, "येईल." लाँड्रीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. असं याआधी कधी झालं नव्हतं.

खर्डा वाचून प्रकाशकांनी बोलावणं धाडलं. त्यांच्या ऑफिसात पुस्तकांचे गठ्ठे खुर्च्यांवर असत आणि माणसं उभी. त्या दिवशी त्यांनी स्वतः गठ्ठा उचलून बाईंना खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, त्या पानावर मी रडलो. इतकी वर्षं तुमची पुस्तकं काढतोय, पण हे पान... खरं सांगू? हे तुमचं वाटतच नाही!"

बाईंनी मान लववून ही स्तुती स्वीकारली.

"फक्त एक," प्रकाशक म्हणाले. "पोरगी एवढं बोलते आणि आई काय नुसती बघत राहते? ती काहीतरी बोलली पाहिजे. ते उत्तर आलं की पुस्तक छापायला घेतो."

"हात्तिच्या!" बाई म्हणाल्या. "उद्या देते."

उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला. बाईंना वाटलं, त्या ओघात आपण पुढे काय लिहिलं होतं ते एकदा मूळ कागदावर बघावं, तिथेच धागा सापडेल. चिठ्ठ्यांचं बाड काढलं. आणि मोजायला बसल्या, दुसरं काय करणार? धक्क्यावरच्या प्रसंगाच्या चिठ्ठ्या एकीखाली एक लावल्या. एकही कमी नव्हती. पोरगी हात हलवते. ट्रंकेची आठवण काढते. जहाज निघतं. बस. त्यांनी चिठ्ठ्या उलट्या करून पाहिल्या. तिथे नुसते अभ्र्यांचे आकडे होते.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. आणि सरकली ती कशाने? लेक जाणार म्हणून नव्हे. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पान, आणि ते आपलं नाही म्हणून! आधी ते सुचलं. हेही सांगायला हवं, लपवण्यात काय अर्थ.

लेक कामावरून आली तेव्हा बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. "माझ्या पुस्तकात हात घातलास?"

लेकीने पर्स खाली ठेवली. "घातला."

"विचारायचं नाही?"

"पुस्तकात घालायचा नव्हता, आई. तुला सांगत होते."

"मग तोंडाने सांगायचं! जीभ नाही का तुला?"

"तोंडाने दोनदा सांगितलं. तू म्हणालीस हवा सोसणार नाही." लेकीचा आवाज चढला नाही, तेच बाईंना जास्त लागलं. "म्हटलं, निदान तुझ्या पुस्तकात आलं तर वाचशील. वाचलंस. रडलीससुद्धा. आणि मला म्हणालीस, प्रतिभा!"

ज्या बाईने जळलेल्या माणसाला परत आणला, तिला एक वाक्य सापडेना. त्या तरातरा खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर चष्मेवाले दबक्या आवाजात लेकीला म्हणाले, "मी तरी काय करणार, बाळ?" लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच करत नाही, तेच तर." तो बिचारा चष्मा काढून पुसायला लागला.

आत बाईंनी कागद पुढे ओढला. पुस्तक त्यांचं होतं, उत्तर त्याच लिहिणार होत्या. विधवा म्हणाली: "जा बाई, पण आठवड्याला पत्र टाक." बाईंनी वाचलं. हे तर त्याच बोलत होत्या. खोडलं. विधवा म्हणाली: "जा, तुझी खोली तशीच ठेवीन, झाडून-पुसून." खोडलं. विधवा म्हणाली: "जा, मीच येते तिकडे राहायला." हे लिहिताना त्यांना जरा बरं वाटलं, म्हणूनच खोडलं. विधवेला चिडवून पाहिलं, आजारी पाडून पाहिलं, बेशुद्ध पाडून पाहिलं. काही केलं तरी तोंड उघडलं की आतून चादरबाईच बाहेर येत.

त्यांनी पेन ठेवलं. कपाटात त्यांची सगळी पुस्तकं ओळीने होती. तो खलाशी कोणासाठी परत आला होता? त्याची बायको तर त्याला विसरून बरी चालली होती. त्या सुनेला त्या घरात काय सुख होतं? डोंगरातल्या भावाला थंडी लागत नव्हती, त्याला ओढून खाली आणला होता. कुत्रासुद्धा! तो मेला कुठे तरी मजेत असेल. सगळ्यांना फाटकातून परत आणलं ते याच बाईंनी, आणि जगाला सांगत फिरल्या की पात्रं ऐकत नाहीत. एकजण तरी कधी न ऐकता गेला होता का? आणि गेलीच एक, तर ती त्यांनी लिहिलेली नव्हती. बाईंना आता खरंच रडू आलं. पानासाठी नाही. लेकीची चप्पल दारात दिसायची नाही, आल्यावर "आई, काय आहे खायला?" ऐकू यायचं नाही, या साध्या गोष्टीसाठी. आणि त्याहून वाईट म्हणजे लाज वाटली. दोनदा सांगितलं होतं पोरीने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक कॉम्प्युटरपाशी बसली होती. महिना संपत आला होता. पुस्तक नव्हतं समोर, काहीतरी स्वतःचंच काम होतं. बाई आल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या. हातात कोरे कागद होते.

"ते पान मी काढणार नाही," म्हणाल्या. "प्रकाशकांना सांगितलं, तुझं आहे म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वाटलंच मला." बाईंनी नाक ओढलं. "मेला स्पष्टवक्ता."

लेक हसली. नको नको म्हणताना हसू आलं तिला.

"पण मला तिची आई लिहिता येत नाही गं," बाई म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून या घरात कोणी ऐकलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ थांबली. "किती वेळा लिहिलं. ती काही ना काही धरूनच ठेवते. तूच सांग. काय म्हणायला हवं तिने?"

लेकीला बहुतेक मोठं, सुंदर काहीतरी सुचलं असतं, पोरीच्या हातात ते होतं. पण ती म्हणाली, "काही नको, आई. उपदेश नको, आशीर्वाद नको. तिने नुसतं विचारावं, कधी निघतेस."

बाईंनी कागदावर पेन टेकवलं. टेकवलेलंच राहिलं. मग त्यांनी ते उचललं, टोपण लावलं आणि कागद बाजूला सरकवले. लेकीकडे नीट पाहिलं. घसा साफ केला. एकदा तोंड उघडून मिटलं, कारण पहिलं जे आलं त्यात हवा होती, ताप होता.

"कधी निघतेस?" त्यांनी विचारलं.